गोष्टीतल्या आईनं बाहेर थांबावं

दिवाळी अंकाची मागणी आमच्याकडे ऐन वाळवणाच्या दिवसांत येते. एप्रिल संपत आलेला असतो आणि संपादकांचा फोन येतो, ‘कुमारांसाठी दीर्घकथा हवी आहे, जूनअखेर द्या.’ भुसावळला तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. मुलांना सुट्टी लागलेली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद लेकरांना घेऊन माहेरी आलेली, गच्चीवर कुरडया, बिबडे, पापड. शिवाय ह्यांची रेल्वेतली ड्युटी, तिला सण नाही की सुट्टी नाही. वाचणाऱ्याला ती कथा थंडीच्या तोंडावर भेटते. आमच्या घरात ती भर उन्हाळ्यात, मानेवर ओला पंचा टाकून लिहिलेली असते.

कुरडयांचं जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या कितीतरी पात्रांचं बोलणं मला तिथे सापडलं आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून-गाळून चीक काढायचा आणि तो रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र थर राहतो. मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, मीठ-हिंग टाकायचं, मग एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं हाटायचा. हाटणारा हात थांबला की गुठळ्या झाल्याच. शिजत आला की चिकाला चकाकी येते, तो पातेल्याच्या कडेनं सुटू लागतो. तसाच गरम सोऱ्यात भरायचा, कारण ऊन तापायच्या आत सगळ्या कुरडया घालून व्हायला हव्यात. सोऱ्या फिरवायला माझी लेक, नणंदेची मुलगी आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या मुली. तेरा, चौदा, पंधरा अशी वयं. मी त्यांच्याकडे पाठ करून चीक भरत बसलेली असते.

त्या मुली तेव्हा जे बोलतात, ते मी समोर बसवून विचारलं तर कधीच बोलणार नाहीत. हात कामात गुंतलेले, नजरेला नजर नाही आणि मोठं माणूस जवळ असलं तरी त्याचं लक्ष पातेल्यात. कोणाचे वडील अकरावीला जळगावला ठेवायला तयार आहेत, कोणाचे नाहीत. कोणाच्या ताईचं लग्न बारावीचा निकाल लागायच्या आधीच ठरून गेलं. कोणाचा भाऊ रोज रात्री तिचा फोन तपासतो. वर्गातला एक चांगला बोलका मुलगा दिवाळीनंतर एकदम गप्प झाला, त्याला काय झालं असेल. मध्येच कोणीतरी गरम चिकावर तेल-तिखट घालून वाटी आणतं, सगळ्या जणी बोटं भाजत खातात आणि विषय पुन्हा तिथूनच सुरू होतो. (इथे लिहितानाही मी खुणा पुसूनच लिहिते आहे. त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.)

‘घर सांभाळून लिहिता कसं?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वेळ असतो, म्हणून आधी वेळेचं सांगते.

आमचं घर ह्यांच्या ड्युटीवर चालतं. हे मालगाडीचे लोको पायलट. कधी बडनेऱ्याकडे, कधी खंडव्याकडे, कधी इगतपुरीकडे. कॉल रात्री दहाला येईल, पहाटे तीनलाही येईल. पूर्वी वही घेऊन कॉलबॉय दारात यायचा, आता फोन वाजतो. मग साधारण दोन तास हातात असतात, तेवढ्यात डबा व्हायला हवा. भाकरी, सुकी भाजी, लसणाची चटणी आणि उन्हाळ्यात एक कांदा. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस दिवसा झोपतो आणि त्याची झोप ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी जबाबदारी असते. इंजिनात डुलकी लागून चालत नाही, हे आमच्या मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं आहे. टीव्ही बंद, मिक्सर बंद. धाकटा शाळेतून येतो तो चपला हातात घेऊन. रेल्वे कॉलनीतल्या घरोघरी हे असंच आहे.

त्या शांततेत मी लिहिते. ती कोणत्या वारी, किती वाजता मिळेल हे मला सांगता येत नाही. रोज ठरलेल्या वेळी बसावं हा सल्ला चांगलाच आहे, पण रनिंग स्टाफच्या घरात तो चालत नाही. म्हणून मी दुसरी सवय लावून घेतली. उठायच्या आधी वहीच्या समासात लिहून ठेवायचं की पात्र आता कुठे उभं आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याला कशाची भीती वाटते आहे. पुन्हा वही उघडेपर्यंत कधी चार तास जातात, कधी चार दिवस. पण मुलगा बांधावर उभा आहे, हातात कोयता आहे आणि वडील दिसत नाहीत म्हणून तो घाबरलाय, एवढं समोर असलं की मला परत आत शिरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मराठी-संस्कृतच्या शिकवण्या असतात, रात्री स्वयंपाक, आणि मुलं झोपली की पुन्हा जमलं तर पानभर.

अशा वेळी आमच्याकडे हमखास बहिणाबाईंचं उदाहरण दिलं जातं. आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याला १८८० साली जन्मलेल्या, जळगावच्या चौधरींकडे दिलेल्या बहिणाबाई घरातली आणि शेतातली कामं करता करता गाणी रचत होत्या. ‘त्यांना जमलं, मग तुम्हाला का जमू नये?’ असं लोक प्रेमानंच म्हणतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ओवी दळणाच्या लयीत बसते, जातं फिरतं तोवर ती पुरी होते आणि तोंडपाठ राहते. कादंबरीला तशी लय कोणतंच घरकाम देत नाही. शंभर-दीडशे पानं डोक्यात धरून बसावं लागतं आणि मध्ये दूध उतू गेलं की त्यातली निम्मी निसटतात. दुसरं म्हणजे बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी उतरवून घेतली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी. त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक १९५२ साली निघालं. म्हणजे ती गाणी आपल्यापर्यंत पोहोचली, कारण घरातल्या कोणाला तरी वाटलं की हे जपून ठेवलं पाहिजे. उदाहरण द्यायचंच तर त्यातला हा भाग सांगावा. मी लिहायला बसले की लेक स्वतःहून उठून कुकर लावते. त्याचं मोल मला कळतं.

तरीही वेळ हा प्रश्नाचा सोपा भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. वेळ चोरता येतो, मागता येतो, रात्रीतून काढता येतो. अवघड आहे ते वेगळंच. ज्या वयासाठी मी लिहिते, त्या वयाची मुलगी माझ्या घरात वावरते आहे. तिच्याकडे मी आई म्हणून बघायचं की लेखिका म्हणून? ही दोन बघणी एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

आई म्हणून माझा जीव पुढे धावतो. लेकीचा चेहरा उतरलेला दिसला की कोणी काय बोललं ते काढून घ्यावं, त्या घरी फोन करावा, शाळेत जाऊन भेटावं, तिला जवळ घेऊन सगळं निस्तरून टाकावं. कुमारांच्या कादंबरीत नेमकं हेच करायचं नसतं. चौदा वर्षांच्या मुलीवर संकट आलं आणि तिसऱ्या पानावर आईनं येऊन ते सोडवलं, तर गोष्ट तिथेच संपते. ते संकट तिचं तिला सोडवू द्यावं लागतं. ती चुकेल, खोटं बोलेल, चुकीच्या मैत्रिणीवर विश्वास ठेवेल, आणि त्यातून तिची तीच वर येईल. मोठी माणसं कामावर गेलेली असोत, आजारी असोत, भांडणात गुरफटलेली असोत, काहीही कारण शोधा, पण त्यांना त्या खोलीबाहेर ठेवा. हा नियम मला कोणी शिकवला नाही. शिकवणीतल्या मुलांना माझी हस्तलिखितं वाचून दाखवताना तो कळत गेला. गोष्टीत आईचं किंवा सरांचं लांबलचक समजावणं आलं की मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. बाकीच्या पानांना कोणी हलत नाही.

माझ्या आतली आई मात्र प्रत्येक प्रकरणात दार वाजवते. मुलगी सायकल घेऊन एकटी तापीच्या पुलावर निघाली की मला वाटतं, निदान संध्याकाळ तरी नको, दुपार करू. मुलगा मोबाइलवर अनोळखी माणसाशी बोलायला लागला की वाटतं, शेजारच्या काकांनी बघितलं असं करू. पुष्कळ मराठी कुमारकथांमध्ये ही आई-मावशी-सर मंडळी आत शिरलेली मला दिसतात. प्रेमानंच शिरलेली असतात, पण त्यांच्यामुळे मुलाला एकटं पडायला जागाच उरत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा एकटं पडतं. भरल्या घरात पडतं. त्या एकटेपणाला सोबत करणारं पुस्तक हवं असेल, तर ते लिहिताना आईला उंबऱ्याच्या बाहेर थांबता आलं पाहिजे.

ह्या दोन बघण्यांमधली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे लेकीचं खाजगीपण. मुलांसाठी लिहिणाऱ्या आई-बापांच्या हाताशी घरातच सगळं असतं, तिची डायरी, तिचे हुंदके, मैत्रिणीशी तुटलेलं बोलणं. गेल्या पावसाळ्यात ती शाळेतून आली, दप्तर दारातच टाकलं, न जेवता पंख्याखाली पालथी पडून राहिली आणि रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, माझ्या पायाशी येऊन बसली आणि बोलली. ती काय बोलली हे मी इथे लिहिणार नाही, कादंबरीतही लिहिणार नाही. ऐकत असतानाच मला कळत होतं की हे एक संपूर्ण प्रकरण आहे, त्याला सुरुवात आहे, वळण आहे, शेवटचं वाक्यसुद्धा तिच्या तोंडून तयार होऊन आलेलं आहे. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं की ते माझं नाही.

आमच्या घरात त्याचा एक रिवाज आहे. जे ती सांगते ते माझ्यातल्या आईला सांगते आणि ते तिथेच राहतं. जे मी इकडून-तिकडून ऐकते, गच्चीवर, शिकवणीत, एसटीत, ते मी इतकं बदलते की बोलणाऱ्याला स्वतःलाही ओळखू येऊ नये. मुलीचा मुलगा करते, भुसावळचं शिरपूर करते, भांडणाचं कारण पार निराळं घेते. फक्त त्या वेळी घशाशी जे दाटलं होतं तेवढं राहू देते. आणि छापायला जाण्याआधी लेक सगळं वाचते. तिनं ज्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली ती ओळ जाते, का म्हणून मी विचारत नाही. त्यात चांगल्या ओळीही गेल्या आहेत. जाऊ देत. उद्या तिला काही सांगावंसं वाटलं, तर आई हे कुठे छापेल का ही शंका तिच्या मनात येता कामा नये. एका पुस्तकापायी ती माझ्याशी बोलायची थांबली, तर त्या पुस्तकाला कितीही मान मिळो, मला ते नको.

अशा वेळी मला अमळनेरची आठवण होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० ह्या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि शाळेचं वसतिगृहही सांभाळत होते. तिथल्या मुलांसाठी ते हातानं लिहिलेलं ‘छात्रालय’ दैनिक काढत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. लेखक आणि वाचक एकाच छपराखाली! रात्री लिहायचं आणि सकाळी वाचणारा मुलगा समोरून दात घासत जाताना बघायचा. त्या मुलांची बारीकसारीक कामं गुरुजी स्वतः करत, म्हणजे संसार नव्हता असंही म्हणता येत नाही, उलट वसतिगृहाएवढा मोठा होता. मुलांचं इतकं जवळून बघणारा माणूस त्यांच्याबद्दल लिहिताना काय ठेवत असेल आणि काय गाळत असेल, ह्याचा विचार मी पुष्कळदा करते. एवढ्या मुलांचा विश्वास रोज त्यांच्या हातात पडणाऱ्या अक्षरांत जपायचा, हे साधं काम नसणार.

आता भाषेचं. ह्यात घरानं मला फार मोठी मदत केली आहे. माझ्या सासूबाई पारोळ्याकडच्या, घरातले सगळे त्यांना नानी म्हणतात. त्यांची बोली अहिराणी. लेकीची शाळेतली मराठी प्रमाण, मैत्रिणींशी बोलते ती निम्मी इंग्रजी-हिंदी मिसळलेली, आणि नानींशी मात्र अस्सल अहिराणी. एकाच तोंडात तिन्ही. माझ्या कथेतली मुलं सुरुवातीला सगळीच्या सगळी पुस्तकी मराठी बोलत. एका दुपारी नानींना वाचून दाखवत होते, शेतावर बाप-लेकाचं भांडण होतं. नानी मध्येच म्हणाल्या, ‘असा कोन बोलस वं? आपला पोऱ्या असा बोलस का?’

तेव्हापासून संवाद आधी नानींच्या कानावरून जातात. पूर्ण अहिराणी लिहिली तर कोकणातला किंवा सोलापूरचा मुलगा अडखळेल, हे मला कळतं. म्हणून निवेदन सरळ मराठीत ठेवते आणि घरातल्या माणसांच्या तोंडी दोन-चार शब्द, एखादं क्रियापद बोलीचं येऊ देते. राग आला की माणूस बोलीवर येतो, आणि लाड करतानाही. तेवढ्या दोन जागा मी बोलीसाठी राखून ठेवल्या आहेत. नंदुरबारकडच्या एका मुलीनं कथा वाचून शिकवणीतल्या माझ्या विद्यार्थिनीजवळ निरोप धाडला होता की छापलेल्या पुस्तकात आपल्या आजीसारखं बोलणारं माणूस तिनं पहिल्यांदा वाचलं. असा निरोप आला की पुढचे कितीतरी दिवस हाताला बळ येतं.

गोष्ट कशी उलगडायची हेही मला पुस्तकांच्या आधी गुलाबाईच्या सणानं शिकवलं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे घरोघरी गुलाबाई बसते, मुली गाणी म्हणत एका घरातून दुसऱ्या घरी जातात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. जिच्या घरी गाणी, तिची आई झाकलेला डबा घेऊन येते आणि वाजवून दाखवते. आंबट का गोड? तळलेलं का भाजलेलं? मुली नावं घेत सुटतात. डबा लगेच उघडला तर मजा जाते, फार ताणलं तर मुली कंटाळून घरी निघतात. कुमारांची कादंबरी मला त्या डब्यासारखी वाटते. दर प्रकरणाला एकदा वाजवून दाखवायची आणि आत जे आहे ते शेवटी खरंच खाण्याजोगं निघालं पाहिजे. माझी आई ह्यात पटाईत होती. तिचा खाऊ कोणाला ओळखू यायचा नाही, कारण ती नेहमीच्याच दोन पदार्थांचं काहीतरी तिसरं करून आणायची.

एक खंत मात्र आहे. मराठीत ह्या वयासाठी फार थोडं लिहिलं जातं. लहानांसाठी पुष्कळ आहे. बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आहे आणि खेड्यापाड्यातल्या आमच्यासारख्या कितीतरी मुलांना वाचनाची गोडी त्यानंच लावली. साहित्य अकादमीनं २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार ठेवला, तेही चांगलंच झालं. पण आठवीतल्या मुलाला परीकथा नको असतात आणि मोठ्यांच्या कादंबरीत स्वतःच्या वयाचं कोणी भेटत नाही. मधल्या त्या चार-पाच वर्षांत तो वाचनातून उठतो आणि मोबाइलमध्ये जातो. मुलं वाचत नाहीत असं आपण म्हणत राहतो. माझ्या शिकवणीतली मुलं तर वाचतात. त्यांना आवडेल असं काही हातात पडलं की एकच प्रत दहा हातांतून फिरते, कोपरे दुमडून, वरणाचे डाग घेऊन परत येते. त्यांच्यासाठी लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे दुखणं मोठ्यांचं आहे.

आणि वाचक वाढतो आहे, हे तर मला घरातच दिसतं. मी सावकाश लिहिते. घर सांभाळून लिहिणाऱ्या बाईचं काम सावकाशच होतं. पहिल्या कादंबरीची सुरुवात केली तेव्हा लेक तिच्या नायिकेपेक्षा लहान होती. पुस्तक छापून आलं तोवर ती नायिकेला मागे टाकून पुढे गेली होती. तिनं ते वाचलं, आवडलं म्हणाली, आणि मग म्हणाली, ‘आई, हे मला सातवीत हवं होतं.’ ह्या एका वाक्यामुळे मी वाळवणाच्या दिवसांतही दिवाळी अंकाला नाही म्हणत नाही. एक वर्ष थांबायचं म्हणजे एक अख्खी सातवी निघून जाणार.

सध्या जी लिहिते आहे तिचा नायक पंधरा वर्षांचा आहे, यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यातला. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे वादळ येतं, कापणीला आलेली बाग तासाभरात आडवी होते आणि वर्षाची मेहनत चिखलात पडते. वाचलेले घड व्यापारी पडत्या भावानं उचलतो. ह्या मुलाच्या डोक्यात बसलंय की आपली केळी पुढे दिल्लीत काय भावानं विकतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. सावदा, निंभोरा, रावेर ह्या स्टेशनांवरून केळी वर्षानुवर्षं रेल्वेनं दिल्लीकडे गेली, ते त्यानं आजोबांकडून ऐकलेलं. रात्री तो घरात कोणाला न सांगता सावद्याच्या फलाटावर येऊन बसलाय. वही तिथे उघडी आहे.

इथे आई आणि लेखिका दोघींनाही काही सुचेना. हे पुस्तक खरोखरचा पंधरा वर्षांचा मुलगा वाचणार आहे, तो असाच फलाटावर जाऊन बसला तर? त्याला तिथेच पोलिसानं पकडावं, १०९८ वर फोन जावा आणि बापानं येऊन घेऊन जावं, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटत होतं. पण मग तो घराबाहेर पडलाच कशाला? मी ठरवलंय की धोका लपवायचा नाही आणि रंगवायचाही नाही. फलाटावर रात्री जे असतं ते सगळं त्याला दिसेल, भीतीही वाटेल आणि निर्णय त्याचा तो घेईल.

परवा जेवताना हा विषय ताटावर आला. हे रेस्टवर होते, सगळे एकत्र बसलो होतो, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. नानींनी तर हट्टच धरला, ‘त्याले आते घर लई ये वं. त्यानी माय वाट देखी राह्यनी.’ लेक म्हणाली, घरी आणलंस तर मी पुढे वाचणार नाही, त्याला गाडीत बसव. धाकट्याला मुलाजवळ पैसे किती आहेत आणि त्यानं खायला काय घेतलंय हे जाणून घ्यायचं होतं. ह्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘भरलेल्या डब्याला बाहेरून सील लागतं. आत शिरायचा प्रश्नच नाही, आणि शिरला तर उन्हाळ्यात त्या लोखंडात जीव जाईल त्याचा. हे नको लिहू, कोणी करून बघेल.’ मग भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवून ते विचार करायला लागले. मालगाडीच्या शेवटी गार्ड असतो, २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. गाडी सिग्नलला थांबली की तो खाली उतरून उभा राहतो. रात्रीच्या वेळी फलाटाच्या टोकाला एकटा बसलेला मुलगा त्याच्या नजरेला पडल्याशिवाय राहणार नाही. ‘तो काय करेल ते मला माहीत आहे,’ हे म्हणाले, ‘मी अशी दोन-तीन पोरं बघितली आहेत.’

आणि त्यांनी सांगितलं. आधी नाव विचारायचं नाही. बाटलीतलं पाणी द्यायचं, घरून आणलेला डबा उघडून अर्धी भाकरी पुढे करायची आणि शेती कुठली, यंदा केळी कशी आहेत, एवढंच विचारायचं. मग पोरगं आपणच बोलायला लागतं. सिग्नल सुटेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा. पुढे स्टेशन मास्तरला कळवायचं असतं ते तो कळवतोच.

नानींना ते पटलं, कारण मुलगा उपाशी राहणार नव्हता. लेकीनं विचारलं, ‘पण तो माणूस त्याला समजावत नाही ना?’ नाही, हे म्हणाले, तेवढा वेळच नसतो. भांडी घासून झाल्यावर मी वही काढली आणि समासात लिहून ठेवलं, फलाटाचं टोक, हातात अर्धी भाकरी, सिग्नल लाल. रात्री अकराला ह्यांना कॉल आला, बडनेऱ्याची गाडी होती. डबा भरताना मी त्यांना दोन भाकरी जास्त बांधून दिल्या आणि विचारून घेतलं की सावद्याला गाडी सिग्नलला थांबली तर साधारण किती वेळ उभी राहते.